पडद्याच्या अलीकडे

मुंबईत नोकरीला होतो तेव्हा फोर्टातल्या फुटपाथवर चित्रकलेवरचं एक जुनं इंग्रजी पुस्तक घेतलं होतं. मुखपृष्ठ गेलेलं, शेवटची पानं वाळवीने खाल्लेली, म्हणून स्वस्तात मिळालं. त्यात एका पानावर पंजाएवढं काळंपांढरं चित्र होतं. एक बाई पायरीवर पाय ठेवून उभी आहे. हातात खंजीर. मागून एक पुरुष तिला पुढे सारतो आहे. पडद्यापलीकडे कुठेतरी दिवा आहे आणि त्याच्या उजेडात एक माणूस बिछान्यावर झोपला आहे. छपाई इतकी वाईट, की माणसं कमी आणि सावल्या जास्त दिसत होत्या. मला आधी आमच्या पिंगुळीच्या ठाकरांच्या चामड्याच्या बाहुल्याच आठवल्या. तिथेही दिवा पडद्याच्या मागे असतो आणि आपण अलीकडे अंधारात बसलेले असतो.

मग दुसरं काही आठवलं आणि मी पुस्तक मिटून ठेवलं. कसालच्या आमच्या घरात, मी दहा वर्षांचा असताना, माझी काकी अशीच उभी राहिलेली मी पाहिली होती.

चित्र प्येर-नार्सिस गेरँ या फ्रेंच चित्रकाराचं. १८१७ साली पॅरिसच्या सलोंत, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारी प्रदर्शनात, ते लागलं. आज ते लूव्रमध्ये आहे. उंची सव्वातीन मीटरहून जास्त. माझ्या पुस्तकातल्या पंजाएवढ्या चित्रावरून त्याचा अंदाज येणंच शक्य नव्हतं. विषय ग्रीक शोकांतिकेतला. ट्रॉयचं युद्ध जिंकून दहा वर्षांनी राजा अगामेम्नॉन घरी परतला आहे आणि त्याची राणी क्लायटेम्नेस्ट्रा त्याला मारायला निघाली आहे. मागून ढकलणारा एजिस्थस. तो अगामेम्नॉनचा चुलतभाऊ आणि नवऱ्याच्या पश्चात तिचा झालेला प्रियकर.

पुष्कळ वर्षांनी हे चित्र रंगात पाहिलं तेव्हा कळलं, की पडदा लाल आहे. नुसता लाल नाही, मागच्या दिव्याने पेटल्यासारखा. रक्त अजून सांडायचं आहे, पण त्याचा रंग आधीच सगळ्या खोलीत पसरला आहे. गेरँचा हा डाव मोठा आहे यात शंका नाही. त्या काळच्या नवअभिजात चित्रांत माणसं ग्रीक पुतळ्यांसारखी घोटीव असतात, मोजकी असतात, आणि नाटकातल्या एखाद्या क्षणी थांबवल्यासारखी उभी असतात. आपल्याकडे जे.जे.मध्ये पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी ग्रीक पुतळ्यांचे प्लास्टरचे साचे समोर ठेवून हात बसवत आले, ते त्याच शिस्तीचं लांबचं नातं. गेरँ त्या शिस्तीतला पक्का माणूस. पण उजेड वापरताना तो शिस्त थोडी सोडतो. जेरिको आणि दलाक्रवा हे पुढचे दोन बंडखोर त्याच्याच हाताखाली शिकले, हे त्या पडद्याकडे पाहिलं की पटतं.

तर चित्र उत्तम आहे. तरीही मी त्याच्यावर बरीच वर्षं रागावलेला होतो आणि राग कशाचा ते मला कळत नव्हतं. एस्किलसचं मूळ नाटक वाचलं तेव्हा कळलं.

‘अगामेम्नॉन’ हे नाटक अथेन्समध्ये इसवी सनपूर्व ४५८ मध्ये झालं. त्यात क्लायटेम्नेस्ट्रा कुठे अडखळत नाही. ती नवऱ्याच्या वाटेवर लालजांभळी किमती वस्त्रं अंथरायला लावते आणि त्यांवरून त्याला चालत घरात नेते. म्हणजे लाल कापड तिथेही आहे, पण ते पायाखाली आहे आणि ते तिने अंथरलेलं आहे. खून आत होतो, स्नानगृहात. मग दार उघडतं आणि ती प्रेतापाशी उभी राहून गावच्या म्हाताऱ्यांना सांगते, की हे मी केलं. ते तिला दूषणं देतात. ती उलट विचारते, की याने पोटची पोर मारली तेव्हा तुम्ही याला गावाबाहेर काढलंत का?

पोर म्हणजे इफिजेनिया. ट्रॉयला निघालेली जहाजं आउलिसच्या बंदरात अडकून पडली होती, वारा साथ देत नव्हता. देवीचा कोप आहे, राजाने मुलीचा बळी द्यावा, असं भविष्यवेत्त्याने सांगितलं. युरिपिडिसच्या नाटकात बापाने पत्र लिहून, अकिलीसशी लग्न लावतो म्हणून मुलीला बोलावून घेतलं आहे. एस्किलसचे म्हातारे ते जुनं दृश्य आठवून सांगतात, तेव्हा ती शाप देऊ नये म्हणून तिचं तोंड बांधलं होतं हेही सांगतात. वारा सुटला. जहाजं गेली. आई घरी राहिली, आणि दहा वर्षं राहिली.

गेरँच्या चित्रात ही मुलगी कुठेच नाही. तिची एखादी वस्तूही नाही. मुलगी काढून घेतली, की उरतं काय? एक बाई, तिचा यार, झोपलेला नवरा. आणि मग बाईच्या चेहऱ्यावर घालमेल दाखवावी लागते, कारण तिच्या हातून खून व्हायला आता काही कारणच शिल्लक राहिलेलं नाही. मग तिला ढकलायला मागे एक माणूस लागतो.

आमच्या घरात नेमकं हेच झालं होतं.

काका गिरणीत होता. आमच्या भागातून तेव्हा घरटी एक माणूस गिरणीत असायचा, त्यात विशेष काही नाही. गणपतीला यायचा, होळीला जमलं तर यायचा, बाकी मनीऑर्डर. तो बरीच वर्षं बदली कामगार होता. म्हणजे रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कोणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर परत खोलीवर. कायम होणं हे त्या माणसांचं स्वप्न असायचं. आज ते नोकरी म्हणून सांगितलं तर हसू येईल, पण कायम झालेल्या माणसाचं गावात आल्यावर चालणंच वेगळं असायचं.

१९७९च्या मे महिन्यात तो आला आणि जाताना मोठ्या मुलीला घेऊन गेला. माझी चुलतबहीण, अकरा वर्षांची. मुंबईच्या शाळेत घालतो म्हणाला. काकीने तिला नवा परकर शिवून घेतला होता आणि कसालच्या तिठ्यावर, जिथून मालवणचा फाटा फुटतो, तिथे आम्ही सगळे तिला एसटीत बसवून द्यायला गेलो होतो. मी तेव्हा सहा वर्षांचा. मला फक्त परकर आठवतो, आणि तिने खिडकीतून मला अर्धी गोळी दिली होती ती.

शाळा वगैरे काही नव्हतं. काकाच्या खात्यातल्या जॉबरच्या घरी लहान मूल होतं, ते सांभाळायला तिला ठेवलं होतं. त्या वर्षी काका कायम झाला. पुढच्या पावसाळ्यात तिला ताप आला आणि ती गेली. तार आली तेव्हा मुंबईत सगळं उरकलेलं होतं. काका आला नाही, रजा नव्हती. पत्र आलं. ते पत्र माझ्या वडलांनी पडवीत वाचून दाखवलं आणि काकी आतल्या दाराशी उभी राहून ऐकत होती, असं आई सांगायची. मी त्या वेळी घरात होतो की नाही, मला आठवत नाही.

जानेवारी १९८२ मध्ये संप झाला. अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले आणि पुढे त्यांतले कितीतरी गावी परतले. काका वर्षभर खोली धरून राहिला, मग १९८३च्या पावसाच्या तोंडावर ट्रंक घेऊन कायमचा घरी आला. म्हणजे ज्या कायमपणासाठी तो सगळा खटाटोप होता, तो जेमतेम तीन वर्षं टिकला. हे गणित मी मोठेपणी केलं. काकीने ते त्याच वर्षी केलं असणार.

तो आला त्या रात्री मी तहान लागून उठलो होतो. काका माजघरापलीकडच्या खोलीत झोपला होता. दाराला जुन्या लुगड्याचा पडदा होता आणि आत चिमणी जळत होती. काकी पडद्याच्या अलीकडे उभी होती. आत जात नव्हती आणि मागेही फिरत नव्हती. किती वेळ ते सांगता येणार नाही. लहान मुलाला रात्री जरासा वेळही फार वाटतो. मी पाणी न पिता परत येऊन झोपलो.

एक गोष्ट इथे कबूल केली पाहिजे. गेरँचं चित्र पाहिल्यापासून माझ्या आठवणीतला तो पडदा लाल झाला आहे. आधी तो कुठल्या रंगाचा होता, मला आता कधीच सांगता येणार नाही. मध्यंतरी काही वर्षं काकीच्या हातात कोयती असल्याचंही मला दिसायला लागलं होतं. कोयती नव्हती. ती मी नंतर ठेवली, आणि नंतर काढलीही. हात रिकामे होते. पण मोठ्या चित्राचा हा गुण धोक्याचा आहे. ते तुमच्या घरात घुसतं आणि सामान हलवतं.

सकाळी काका पडवीत चहा पीत होता. काकी आतून आली आणि सगळ्यांसमोर तिने विचारलं, “माझ्या चेडवाक खंय ठेवन इलास?”

कोणी काही बोललं नाही. काकाने कप खाली ठेवला. मग आजी म्हणाली, सकाळीच असलां कायतरी बोला नको. एवढंच. त्या दिवशी काकीने आपली भांडी उचलली आणि मागच्या मांगरात चूल मांडली. पुढे वर्षानुवर्षं ती चूल तिथेच राहिली. मुलगा दोन्हीकडे जेवायचा. शेवटी काका अंथरुणाला खिळला तेव्हा त्याला पेज भरवायचं काम तिनेच केलं, पण त्याच्याशी बोलली नाही. तो गेल्यावर रडलीही नाही आणि त्यावरून गावाने आणखी एकदा तिचं नाव घेतलं.

गावाचं स्पष्टीकरण तयार होतं. काकीचा भाऊ. त्याला आमच्या भाटल्यातल्या काजूंवर डोळा ठेवायचा होता, म्हणून त्याने बहिणीला फूस लावली, वेगळी चूल मांडायला लावली, उद्या हिस्सा मागायला लावील. आजी तर शेवटपर्यंत सांगायची, “भावान तिच्या डोक्यात भरवल्यान, नायतर ती गाय होती गाय.” भावाने हिस्सा कधी मागितला नाही. काजू आजही आमचेच आहेत. तरी गोष्ट बदलली नाही. आणि ती सांगताना मुलीचा उल्लेख कोणी करायचा नाही. दुष्टपणाने नव्हे, असं मला वाटतं. मुलगी आणली तर काकाकडे बघावं लागलं असतं, आणि काका तर सगळ्यांचाच होता, गरीब होता, त्याचा संप फुटला होता. भाऊ परगावचा, तो सोयीचा.

मीही सांगितली आहे ही गोष्ट. मुंबईत, लग्न ठरल्यावर, बायकोला घरची माणसं ओळखून देताना. “काकी वेगळी राहते, तिच्या भावाने जरा भरवलं होतं तिला.” बायकोने विचारलं, का पण? मी म्हटलं, जमिनीसाठी.

गेरँवर सगळा दोष टाकणंही बरोबर नाही. होमरच्या काळापासूनच या गोष्टीचे दोन पाठ आहेत. ‘ओडिसी’त खून मुख्यतः एजिस्थसच्या नावावर आहे. रोमन सेनेकाच्या नाटकात राणी कचरते आणि एजिस्थस तिचं मन घट्ट करतो. अठराव्या शतकात इटलीच्या आल्फिएरीने तीच वाट धरली. १७९७ साली पॅरिसमध्ये लमर्सिए याचं ‘अगामेम्नॉन’ गाजलं, त्यात तालमा या त्या वेळच्या सगळ्यात मोठ्या नटाने एजिस्थस केला होता. मोठा नट ज्या पात्रात उभा राहतो, ते पात्र मोठं होतं, हे नाटकवेड्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. गेरँच्या प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर तोच एजिस्थस असणार.

पण गेरँची दुसरी चित्रं शेजारी ठेवली, की एक खोड दिसते. १८०२ सालचं त्याचं ‘फेड्रा आणि हिपॉलिटस’ घ्या. तिथेही फेड्राच्या कानाशी दाई कुजबुजते आहे. खोट्या आरोपाचा भार दाईवर टाकण्याची सोय रासीनने आधीच करून ठेवली होती, गेरँने ती रंगात पक्की केली. राणीने स्वतःहून काही ठरवलं आहे, हे जणू बघवत नाही. कानाशी कोणीतरी हवंच.

आणि १७९९ सालचं ‘मार्कस सेक्स्टसचं पुनरागमन’. ज्या चित्राने गेरँला एका रात्रीत नाव दिलं ते हे. मार्कस सेक्स्टस हा इतिहासातला माणूस नाही, कल्पित आहे. हद्दपारी भोगून रोमन माणूस घरी येतो तर बायको मरून पडली आहे. तो तिचा हात धरून सुन्न बसला आहे आणि मुलगी त्याच्या पायाला मिठी मारून रडते आहे. क्रांतीत परागंदा झालेली माणसं तेव्हा फ्रान्समध्ये परतत होती, लोकांनी त्यांनाच त्या चित्रात पाहिलं. घरी परतणाऱ्या माणसाबद्दल गेरँच्या मनात केवढी माया होती! बाप परत आला आणि मुलगी पायाशी आहे, हे त्याने अठरा वर्षं आधी रंगवलं होतं. म्हणजे मुलगी त्याला रंगवता येत नव्हती असं नाही. दुसऱ्या परतीत ती त्याने घेतली नाही.

ती सापडते दाविदच्या चित्रात. योगायोगाने दोनच वर्षांनी, १८१९ मध्ये, म्हातारा दाविद ब्रुसेल्समध्ये परागंदा असताना त्याने ‘अकिलीसचा क्रोध’ रंगवलं. ते आज अमेरिकेत, फोर्ट वर्थच्या किंबेल संग्रहालयात आहे. लग्नाच्या वेषातली इफिजेनिया मान झुकवून उभी आहे. तिला आत्ताच कळलं आहे की लग्न नाही, बळी आहे. तिच्या खांद्यावर क्लायटेम्नेस्ट्राचा हात आहे आणि आईचे डोळे रडून लाल झाले आहेत. अगामेम्नॉनचा चेहरा मात्र घट्ट मिटलेला. ही दोन चित्रं एका भिंतीवर लावायला हवीत. आधी दाविद, मग गेरँ. मग एजिस्थसकडे कोणाचं लक्षही जाणार नाही.

क्लायटेम्नेस्ट्राला पुढे तिच्या मुलाने, ओरेस्टिसने मारलं, बापाचा सूड म्हणून. अथेन्सच्या न्यायसभेत तो सुटला. आई ही खरी जन्मदाती नव्हेच, असाही युक्तिवाद तिथे झाला. आपल्याला हे फार परकं वाटायचं कारण नाही. आपण राहतो त्या भूमीला परशुरामाची म्हणतात. त्यानेही बापाच्या आज्ञेने आईचं मस्तक उडवलं. रेणुकेचा अपराध काय, तर नदीवर पाणी आणायला गेली असता चित्ररथ गंधर्वाला पाहून तिचं मन क्षणभर ढळलं. आपल्याकडच्या कथेत आई वर मागून पुन्हा जिवंत होते, हे खरं. आणि तिला काही आठवू नये, हाही वरच मागितलेला आहे. मला ते दुसरं मागणं जास्त छळतं.

काकीला दशावताराचं वेड होतं. जत्रेला ती पहाटेपर्यंत बसायची, शाल डोक्यावरून घेऊन. एक बाकडं, एक पडदा, पेटी, पखवाज, आणि लुगडं नेसलेला पुरुष राणी होऊन अर्धा अर्धा तास राजाशी वाद घालतोय, तेही पाठ केलेलं नाही, उभ्या उभ्या सुचेल तसं. ती काय ऐकत होती तिथे? मी तेव्हा राक्षसाची वाट बघत तिच्या मांडीवर झोपून जायचो.

ती जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यात नालासोपाऱ्याहून तिच्या मुलाचा फोन आला. घराखालच्या जागेची वाटणी करायची आहे, वारसनोंदीला वंशावळ लागेल, तू गावात आहेस तर लिहून काढ. मी आजोबांपासून सुरुवात केली. वडील, काका, मयत, मयत. काकाच्या खाली रेघ ओढली आणि त्याचं नाव लिहिलं. मग पेन थांबलं. दादाला फोन करून विचारलं, ताईचं लिहू ना? तो जरा वेळ गप्प राहिला. म्हणाला, तिचा काय संबंध, ती लहानपणीच गेली, उगाच कागद वाढतील. मग म्हणाला, जन्मसाल तरी माहीत आहे का तुला?

माहीत नव्हतं. अकरा वर्षांची होती म्हणतात, त्यावरून धरता आलं असतं. पण कागदावर अंदाज लिहवेना. गावातल्या मराठी शाळेत गेलो. जुनं जनरल रजिस्टर काढून दिलं त्यांनी, पानं पिवळी पडून कडांना तुटत होती. दुपारभर बसलो तेव्हा नाव सापडलं. पूर्ण नाव, जात, जन्मतारीख अक्षरी. शाळा सोडल्याची तारीख मे १९७९. शेवटच्या रकान्यात शाळा सोडण्याचं कारण लिहायचं असतं. तिथे गुरुजींनी निळ्या शाईत लिहिलं होतं, पुढील शिक्षणासाठी मुंबईस.

जन्मतारीख मी वहीत उतरवून घेतली. घरी येऊन वंशावळीत काकाच्या खाली दुसरी रेघ ओढली, दादाच्या आधी, कारण ती मोठी होती. नाव लिहिलं. पुढे मयत लिहिलं. कागद तसाच तलाठ्याकडे दिला आहे, दादाला अजून सांगितलेलं नाही.